चाखायचा राहून गेलेला दोडका

एक वेळ सोडली तर आमच्या घरात दोडका कधी विकत आणला नाही. ही फुशारकी नाही. फुशारकी मारायला आता मला तोंडच उरलेलं नाही. पण होतं ते असं होतं. वांगी मंडईतून यायची, गवारी यायची, मेथीच्या पेंढ्या यायच्या. दोडका मात्र घरामागच्या दहा पावलांच्या परड्यातला.

बाजारातला दोडका हातभर लांब आणि हिरवागार असतो. आमचा वितीएवढा, पोटाशी फुगलेला, रंगानं जवळजवळ पांढरा. शिरा मात्र अशा धारदार की तोडताना बोटाला लागायच्या. आईचं माहेर हातकणंगल्याजवळच्या एका खेड्यातलं. लग्नात तिच्या आईनं तिच्या ओटीत नारळाबरोबर एक वाळका दोडका घातला होता. सासरच्या बायका हसल्या म्हणे. पुढं त्या हसणाऱ्या बायका गेल्या, वडील गेले, आम्ही गाव सोडून कोल्हापूरच्या कडेला ह्या दोन खोल्यांत आलो, आणि दोडका आमच्याबरोबर आला. आई त्याला नावानं बोलवायची नाही. बाजारातला तो दोडका आणि परड्यातला तो ‘आपला’. “आज आपला करू काय?” एवढंच विचारायची, आणि आम्हाला कळायचं.

आम्ही दोघी बहिणी. धाकटी लग्न होऊन आजऱ्याला गेली. मी दूध संघाच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. का केलं नाही ते सांगत बसले तर दोडका बाजूला राहील. आई आणि मी, अशी तीसेक वर्षं आम्ही ह्या घरात काढली. भांडत काढली, हेही सांगून टाकते. दोघींची जीभ तिखट, आणि मध्ये पडायला तिसरं माणूस नाही.

आता बी राखायची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथंच अडलं. दोडक्यात कधीमधी एखादा कडू निघतो, हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. चिरायच्या आधी चकती चाखून बघायची, ही घरोघरची सवय. पण आईचं चाखणं भाजीसाठी नव्हतं, वेलासाठी होतं. दोडक्याची फुलं उन्हं कलल्यावर उमलतात. आसपास कुठं कुंपणावर रानातला कडू दोडका फुललेला असला, की माश्या न् भुंगे ह्या फुलावरून त्या फुलावर जातात आणि पुढच्या वर्षी आपल्याच बियातून एखादा कडू वेल निघतो. पानं बघून तो ओळखू येत नाही, फूल बघून येत नाही. जीभच लागते. हे शास्त्र मला फार उशिरा, वाचून कळलं. आईला शास्त्र माहीत नव्हतं, जीभ माहीत होती.

म्हणून प्रत्येक वेलाचं पहिलं कोवळं फळ ती तिथल्या तिथं कापायची, देठाकडची चकती तोंडात टाकायची आणि समोरच्या भिंतीकडं बघत सावकाश चावायची. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडं बघत उभ्या. गिळली, तर वेल राहिला. थुंकली, तर उभ्या पावली खाली वाकून वेल मुळासकट बाहेर. फुलांनी भरलेला असो, मांडवभर पसरलेला असो, दयामाया नाही. “एक नासका आंबा सगळी अढी नासवतो,” म्हणायची. लहान होते तेव्हा मला ते क्रूर वाटायचं. एकदा उपटलेला वेल मी गुपचूप पुन्हा मातीत खोचला होता. दुसऱ्या दिवशी तो सुकून पडला आणि मी रडले, तर आईनं मलाच बोल लावला.

गोड वेलावरचं दुसरं फळ बियाला. त्याच्या देठाला ती जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधीच्या फळाला हात लावला की पाठीत धपाटा. ते फळ वेलावरच वाळायचं, तपकिरी व्हायचं, हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजायचं. मग ते स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगायचं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत बी त्याच्या पोटातच ठेवायचं. नवं टांगलं की जुनं काढून टाकायचं. घरात बी कायम एकाच फळाचं. आणि दर श्रावणात मागच्या रिकाम्या प्लॉटच्या कुंपणावर जाऊन रानदोडक्याचा वेल शोधून काढायचा, तो ओढून उन्हात फेकायचा. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, म्हातारीला कुंपणाचं वेड आहे.

शेवटच्या पावसाळ्यात आईला तिथवर जाणं झालं नाही. पाय सुजलेले होते. मला म्हणाली, “तेवढा कुंपणाचा वेल उपटून टाक गं.” मी “व्हय” म्हटलं. कचेरीतून यायचे, चहा करायचे, तिला औषध द्यायचे आणि विसरायचे. चारदा म्हणाली असेल. चार वेळा मी व्हय म्हटलं. पाचव्यांदा तिनं म्हणायचं सोडलं.

माघात तिची तब्येत उतरत गेली. जेवण सुटलं. बहीण आजऱ्याहून येऊन राहिली होती. एके दिवशी सकाळी आई स्वच्छ आवाजात म्हणाली, “दोडका खावासा वाटतोय.” आम्हाला दोघींना इतका आनंद झाला की काय विचारता. परड्यात तेव्हा काटक्यांशिवाय काही नव्हतं. मी तशीच मंडईत गेले, चार गाळे फिरून कोवळा दोडका शोधून आणला, हरभऱ्याची डाळ भिजवली, लसूण ठेचून फोडणी दिली, कांदा-लसणाची चटणी अगदी बेतानं घातली. बहिणीनं तिला उशी लावून बसवलं. आईनं एक घास घेतला, तोंडात धरला, आणि ताटली हातानं सरकवली.

“ह्यो आपला न्हवं,” म्हणाली.

आणि माझं डोकं फिरलं. रात्ररात्र जागून, धावपळ करून थकले होते, हे खरं; पण थकव्यामागं लपायचं नाही असं मी ठरवलेलं आहे. मी ओरडले, “माघात आपला कुठनं आणू मी? आता मरताना तरी नखरे करू नगंस!”

बहीण दारात उभी होती, ती जागच्या जागी थिजली. आईनं तोंडातला घास कसाबसा गिळला आणि भिंतीकडं बघत राहिली. त्यानंतर अकराव्या दिवशी ती गेली. त्या अकरा दिवसांत तिनं खायला काहीच मागितलं नाही.

तिला काशीला जायचं होतं. जिवंतपणी नेणं झालं नाही. यंदा रजा नाही, पुढच्या वर्षी बघू, असं करत करत वीस वर्षं गेली. मग राखेला नेलं. आम्ही दोघी बहिणीच गेलो. विधी उरकल्यावर तिथल्या गुरुजींनी सांगितलं, आता आपल्या आवडीचं एक काहीतरी गंगेला सोडा, जन्मभर खायचं नाही. ही चाल आमच्याकडंही सगळ्यांना ठाऊक असते, आणि तिच्यातल्या पळवाटाही ठाऊक असतात. आमचे एक काका काशीला जाऊन कारलं सोडून आले होते; जन्मात कधी कारल्याला शिवले नव्हते. एका मावशीनं आंबा सोडला आणि आंबरस मात्र चालतो असं स्वतःच ठरवलं. बहिणीनं पेरू सोडला. तिला पेरूनं सर्दी होते.

मी म्हणाले, “दोडका.”

बहिणीनं कोपर मारलं. “आक्का, अगं, दोडका कशाला? दुसरं काय तरी सांग की!”

मी ऐकलं नाही. पाण्यात उभं राहून मला वाटत होतं, मी आईचं फेडते आहे. जी भाजी तिला शेवटी मिळाली नाही, ती मीही खाणार नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात थोडी ऐटही होती. लोक कारलं सोडतात. मी बघा काय सोडलं. असं वाटण्याची लाज आता वाटते, तेव्हा वाटली नाही.

ज्येष्ठात मी खिळ्यावरचा वाळका दोडका काढला. आईनं टांगलेला शेवटचा. टोकाचं टोपण उघडून पाच काळ्या बिया हातावर घेतल्या, रात्रभर भिजत घातल्या, आळी करून लावल्या. बाकीच्या बिया तशाच आत ठेवून फळ पुन्हा टांगलं. पाचही उगवल्या. नुकतीच निवृत्त झाले होते, दिवसभर दुसरा उद्योग नव्हता. मांडव मी स्वतः बांधला, तारा ओढताना तळहात सोलून घेतले. वेल चढले, फुलं आली. रोज संध्याकाळी मी परड्यात खुर्ची टाकून बसायचे. मागच्या रिकाम्या प्लॉटच्या कुंपणावरही तसलीच पिवळी फुलं उमलायची. मला ती सुंदर वाटायची. चार वेळा व्हय म्हटलेलं मी विसरले नव्हते, पण आता उपटायला जायची गरज काय, असं मनात यायचं. आई ज्याला हात लावायची, ते सगळं आहे तसं राहू द्यावं, असा काहीतरी खुळचट विचार होता.

पहिली फळं धरली. मी ती तोडली नाहीत. खायचा नाही तर तोडायचा कशाला? आणि डोक्यात एक बेत शिजत होता. वर्षश्राद्धाला लोक येतात, त्यांना जाताना वाटी किंवा तांब्या द्यायची पद्धत आहे. मी म्हटलं, भांडी नकोत. आईचं बी द्यायचं. सगळी फळं बियाला ठेवायची आणि येणाऱ्या प्रत्येक घराला एक पुडी. आई चाळीस घरांच्या परड्यांत उगवेल.

शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडून माझा मांडव बघायच्या. त्यांचं घर जैन, कापडाचा व्यापार. आईचं आणि त्यांचं भिंतीवरून फार जमायचं; कांदा-लसूण न घातलेली दोडक्याची भाजी आई त्यांच्यासाठी वेगळी करून द्यायची. एक दिवस त्या म्हणाल्या, “ताई, पैलं फळ चाखलंसा न्हवं? आई चाखायच्या की.”

“मी सोडलाय, वहिनी. काशीला.”

“आगं बाई. मग आता?” त्यांनी वेलाकडं बघितलं. “मीच चाखून सांगितलं असतं वो. खरं चातुर्मास चालू हाय. माझा चार म्हयने हिरव्या भाजीचा नेम असतोय.”

“असू द्या वहिनी,” मी म्हणाले. “आईचंच बी हाय. आईच्या हातचं कडू कसं निघंल?”

त्या हसल्या, मीही हसले. दोन बायका, दोन नेम, मध्ये पाच वेल, आणि चाखायला जीभ नाही. तेव्हा आम्हाला त्यात गंमत वाटली होती. गल्लीत जिभांचा काय दुष्काळ होता? रोज दारात येणाऱ्या दूधवाल्याला एक चकती दिली असती तरी त्यानं तोंड वाकडं करून सांगितलं असतं. पण मला कुणाला विचारायचंच नव्हतं. माझ्या सोडण्याला कुणाची मदत लागावी, हे मला कमीपणाचं वाटलं. आणि आईच्या वेलावर शंका घ्यायची म्हणजे तिला पुन्हा एकदा टाकून बोलण्यासारखं वाटलं. एकदा बोलले होते तेवढं पुरे होतं.

कार्तिकापर्यंत मांडवावर तीसेक फळं वाळून वाजायला लागली. वाऱ्यावर सगळा मांडव वाजायचा. मी आठवडाभर बसून बिया काढल्या, परातीत पसरल्या, कागदाच्या पुड्या केल्या, आणि प्रत्येक पुडीवर चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘आईचा दोडका’. खिळ्यावरच्या जुन्या फळात उरलेल्या बियाही शेवटी त्याच परातीत ओतल्या. आईच्या हातचं बी सगळ्यांच्या वाट्याला थोडं थोडं जावं म्हणून. परातीत हात घालून मी ते नीट कालवलं. आज ती परात डोळ्यांसमोर आली की हात तोडून टाकावासा वाटतो.

वर्षश्राद्धाला माणसं आली, जेवली, पुड्या घेऊन गेली. सगळ्यांना कौतुक. “किती येगळं सुचलं तुला!” एका आत्याबाईंनी तर पुडी कपाळाला लावली.

पुढच्या श्रावणात फोन यायला लागले. पहिला हातकणंगल्याहून, मामेभावाच्या बायकोचा. ती तोंडानं फटकळ, पण मनानं सरळ.

“वन्सं, राग मानू नगा. खरं तुमचा दोडका कडू जहर निघाला बघा.”

“एखादा निघतोय गं,” मी म्हणाले.

“एखादा कुठला? तीन वेल, तिन्ही तसलंच. पावणं जेवाय बसलं हुतं. तुमच्या आईचा दोडका म्हणून मी कवतिकानं वाढला, आन् पयल्या घासाला सगळी मोरीकडं पळाली की वो!”

मी हसण्यावारी नेलं. दोन दिवसांनी दुसरा फोन, मग तिसरा. कुणी सांभाळून बोललं, कुणी नाही. कुणी मसाल्यात लपवून बघितला, कुणी म्हशीपुढं टाकला तर म्हशीनंही तोंड फिरवलं म्हणे. कपाळाला पुडी लावणाऱ्या आत्याबाईंनी फोनवर आवाज खाली करून विचारलं, “तुझ्या आईचं शेवटाला काय मनात राहिलंतं काय गं? तिचा जीव कडू झाल्यागत वाटतोय.” मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. त्यांना काही माहीत नव्हतं. त्या सहज बोलल्या होत्या. पण नेम बरोबर लागला.

करायला गेले गणपती आणि झालं माकड, असं म्हणून लोक सोडून देतात. मला ते सोडता येईना. चाळीस घरांत आईचं नाव लिहून मी कडू बी पोचवलं होतं. जी बाई आयुष्यभर एक एक वेल चाखत आली, तिच्या नावावर. एका बारशाला तर मी कानानं ऐकलं, कुणाच्या तरी खवट बोलण्यावर दोघीजणी हसत म्हणत होत्या, “आईचा दोडका हाय नुसता!” त्यांनी मला बघितलं नव्हतं. मी बाळाच्या हातात पाकीट ठेवलं आणि न जेवता घरी आले.

मग वही घेऊन बसले आणि पुडी दिलेल्या प्रत्येक घराला मीच फोन केला. एकच प्रश्न. एक तरी वेल गोड निघाला काय? बहुतेकांनी उपटून टाकले होते. काहींनी पुडी कुठं ठेवली तेच आठवत नव्हतं. बहिणीनं लावलेलं आजऱ्याच्या पावसात कुजलं होतं. एकजण म्हणाला, “जाऊ दे की आक्का, बाजारात काय दोडक्याला तोटा हाय?” त्याच्यावर मी नको तितकी ओरडले.

राहता राहिलं माझं परडं. यंदा त्याच परातीतल्या बियांचे मी सहा वेल लावले होते आणि गेल्या वर्षीसारखीच फळं हात न लावता सोडली होती. आता त्यातल्या प्रत्येकाखाली जाऊन उभी राहायचे. वेलाला मेलं काय कळतंय, तो आपला फुलतोय. पिवळ्या फुलांवर माश्या बसायच्या, उठायच्या, पुढच्या वेलावर बसायच्या, आणि मला त्या मारून टाकाव्याशा वाटायच्या. कुंपणावरचा रानदोडका मी एका सकाळी जाऊन मुळासकट काढला. हात चिरले. दोन वर्षं उशीर झाला होता, पण काढला.

शेजारच्या वहिनींचा चातुर्मास पुन्हा चालू झाला होता. त्या भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. “ताई, माझ्यामुळं झालं वो. मी त्या दिवशी नेम मोडला असता तर!” मी म्हणाले, “तुमचा नेम तुमच्या धर्माचा, वहिनी. माझा ऐटीचा.” त्यांना ते पटलं नाही. पण त्या रडल्या, त्याचं मला बरं वाटलं. आईसाठी माझ्याशिवाय कुणीतरी रडत होतं.

शेवटी बहिणीला बोलावलं. गौरी विसर्जनानंतर ती आली, हातातली पिशवी खाली ठेवली, चहासुद्धा घेतला नाही, विळी घेऊन सरळ परड्यात. पहिल्या वेलाचं कोवळं फळ कापलं, देठाकडची चकती तोंडात टाकली. थू. मी खाली वाकून वेल उपटला. दुसरा. थू. उपटला. तिसरा चावताना तिचं तोंड जरा स्थिर राहिलं, मग तिनं डोळे मिटून थुंकलं. चौथा, पाचवा. मांडव एका बाजूनं उघडा पडत गेला आणि मागची भिंत दिसायला लागली. बहीण प्रत्येक वेळी चूळ भरायची. आई कधी चूळ भरायची नाही.

सहावा वेल भिंतीच्या कोपऱ्यातला. फळं वितीएवढी, पोटाशी फुगलेली, रंग पांढरट, शिरा धारदार. सगळं तेच. मी त्याच्यावर सकाळपासून नजर ठेवून होते आणि मुद्दाम तो शेवटी ठेवला होता. बहिणीनं चकती तोंडात टाकली. चावली. पुन्हा चावली. आणि गिळली.

“गोड हाय,” ती म्हणाली.

मी मांडवाचा बांबू धरला. एक वेल. एकच पुरे होता. आईनंही कधी एका फळापेक्षा जास्त बी ठेवलं नव्हतं. आता दुसऱ्या फळाला चिंधी बांधायची, जपायचं, पुढच्या वर्षी सगळ्यांना नव्यानं पुड्या करायच्या. माझं मन पुढं धावायला लागलं. आईची जुनी साडी कुठल्या ट्रंकेत आहे, इथवर पोचलं.

बहीण मात्र चकतीचा दुसरा तुकडा चावत होती. तिच्या कपाळाला आठ्या.

“काय गं?” मी विचारलं.

“गोड हाय. खरं आपला हाय काय ते मला कळंना. मला आता आठवतच न्हाय, आक्का. मी इसाव्या वर्षी गेलो ह्या घरातनं. आजऱ्याला जे मिळतंय ते खातो.” तिनं विळी माझ्याकडं फिरवली. “तू तिच्यासंगं राहिलीस. चव तुझ्या जिभंवर हाय. तू सांग.”

“मी सोडलाय.”

“ठाऊक हाय. मीच हुतो की शेजारी उभी.” ती भांडायच्या आवाजात बोलत नव्हती. “गंगेला काय करायचाय दोडका? चाख.”

मी एक चकती कापून हातात घेतली. दीड वर्षात मी दोडक्याची चव तोंडाला लागू दिली नव्हती. लग्नाच्या पंगतीत मिसळीची भाजी आली तरी विचारून घ्यायचे. आईसाठी केलेली एवढी एकच गोष्ट माझ्याकडं धड शिल्लक होती. आणि तीच मोडल्याशिवाय आईचं बी आहे का गेलं, हे कळायला मार्ग नव्हता. आई असती तर काय म्हणाली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. “सोडायचंच हुतं तर गंगेला तुझं तोंड सोडायचं हुतंस,” असं म्हणाली असती.

मी चकती तोंडात घातली. आईसारखीच समोरच्या भिंतीकडं बघत चावली. कोवळी होती, रसरशीत होती. कडूपणाचा लवलेश नव्हता. पहिल्यांदा वाटलं, तोच. मग रस जिभेवरून उतरला आणि मागं काहीच राहिलं नाही. आपला खाल्ला की मागाहून जिभेच्या कडेला ताज्या शेंगदाण्यासारखी एक गोडी यायची, सावकाश यायची, म्हणून तर आई इतकं थांबून थांबून चावायची. मी थांबले. आणखी एक चकती घेतली, आणखी थांबले. नुसतं पाणी. पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी गच्चीवर बाजारच्या बियाचा दोडका फुलला असेल, त्याचं काही मिसळलं असेल. दिसायला सगळं आईचं, आणि चव मंडईतली.

“काय?” बहीण म्हणाली. “बोल की. हाय का आपला?”

माझ्या तोंडून आवाज निघाला तो माझा नव्हता. म्हणजे माझाच होता, पण शब्द, त्यांची चाल, सगळं उचललेलं होतं.

“ह्यो आपला न्हवं,” मी म्हणाले.

बहिणीनं विळी खाली ठेवली आणि तोंडावर पदर घेतला. माघातल्या त्या सकाळी ती दारात उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही.

आईचे ते नखरे नव्हते. तिनं एका घासात ओळखलं होतं आणि ओळखलं तेवढंच सांगितलं होतं. मला ते कळायला तिचं सगळं बी घालवावं लागलं. सहावा वेल मी उपटला नाही; उपटायचा तो कडू असला तर, अशी तिची रीत. चकती अजून माझ्या तोंडात होती. आईनं तो घास कसाबसा गिळला होता, तशीच मीही ती गिळली. थुंकून टाकायला ती कडू तरी कुठं होती.